गाऱ्हाण्यात न घेतलेलं नाव

लालबाग, ता. २६ ऑगस्ट १९५६

गंगाधर,

मायन्यात 'चिरंजीव' नाही, ते विसरून राहिलेलं नव्हे. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं, कागद फाटला, म्हणून हा दुसरा घेतला.

तुझं पत्र मी ऐकलं. मला आलेलं नव्हे. शैलाच्या शाळेच्या मोठ्या बाईंना तू धाडलंस ते. बाईंनी चष्मा पुसून लावला आणि माझ्यासमोर वाचून दाखवलं. मी तिथे कशाला गेलो होतो ते तुला कळायची गरज नाही. टोपी हातात घेऊन उभा होतो, एवढं पुरे. "माझी कन्या कालिंदी हिला ताटात काय झाकले आहे याची मुळीच कल्पना नव्हती. सदर प्रकार माझ्या वडील बंधूंची नात शैला हिच्या चिथावणीने घडला. सदर मुलगी वडिलांचे छत्र नसल्याने गिरणी वस्तीत, योग्य संस्कारांवाचून वाढलेली आहे." खाली तुझी सही, मांजराच्या शेपटीसारखी वर वळवलेली.

संस्कारांवाचून! अरे मेल्या, तू तरी कुठे वाढलास? मलबार हिलला? आई गेली तेव्हा आठ वर्षांच्या तुला मी गावाहून बोटीनं आणला. वेंगुर्ल्यापासून धक्क्यापर्यंत माझ्या सदऱ्यावर ओकत आलास. ह्याच चाळीत, ह्याच खोलीत, तुझ्या वहिनीच्या हातची पेज पिऊन मॅट्रिक झालास. सुटीच्या दिवशी तू गोट्या खेळायला पळालास की तुझी पाटी पुढ्यात घेऊन मी अक्षरं गिरवायचो. साचेखात्यातला जॉबर, माणसांवर मुकादमी करणारा, पण सहीच्या जागी अंगठा उठवायचा. ती लाज तुझ्या पाटीवर शिकून गेली. त्याच अक्षरांनी आज हे लिहितोय. तेव्हा 'दादाचं अक्षर लागत नाही' म्हणून कागद बाजूला सारू नकोस.

झालं काय ते कालिंदीनं तुला सांगितलं असेल. पण तू सोयीचं तेवढंच ऐकतोस, म्हणून माझ्याकडून ऐक. अकरा तारखेला शाळेत मंत्री आले. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हणणाऱ्यांच्या पंगतीतले. पोरींनी ओवाळायचं ठरलं. शैला उंच, म्हणून निरांजनाचं ताट तिच्या हाती. दुसरं ताट कालिंदीच्या हाती, वर खण झाकलेला, आत शाल नि नारळ. शैलानं कुंकू लावलं, ओवाळलं, खण उचलला, तर नारळाच्या जागी डझनभर हिरव्या बांगड्या. "मुंबई राखायची नसेल तर ह्या भरा," म्हणाली. मागच्या पोरींनी टाळ्या पिटल्या आणि मोठ्या बाई खुर्चीतच बसल्या.

ताट धरणारी एक, खण उचलणारी एक. तुझ्या पत्रानं धरणारी वर्गात राहिली आणि उचलणारी बाहेर. मॅट्रिकला सहा महिने असताना शैलाचं नाव काढलं. दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो, तुला माहीत आहे. तिथे लिहिलंय: 'वाईट. इतर मुलींस चिथावणी देते.' माझा शिवा गेला तेव्हा ही चार वर्षांची होती. तेव्हापासून एकच धोशा, मी मास्तरीण होणार. हा दाखला घेऊन कुठल्या शाळेत जाऊ तिला घेऊन?

तर ऐक. बाईंकडे जा, आणि दोघींनी मिळून केलं एवढं सांग. नाही गेलास तर दसरा आहेच. गावकीच्या खोलीत दसऱ्याला देवापुढे गाऱ्हाणं कोण घालतो ते विसरला नसशील. बावीस वर्षं मी एकेक घराचं नाव घेऊन देवाला सांगतो, ह्याला सुखी ठेव, त्याची इडापिडा टाळ, आणि तीस माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ह्या दसऱ्याला तुझ्या घरापाशी आल्यावर काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. शब्द मात्र जमवायला लागलोय.

कोंडीराम


ता. १६ सप्टेंबर १९५६

गंगाधर,

तू आला नाहीस. गणपतीत बायकोला पाठवलंस, हातात मोदकांचा डबा देऊन.

अंबिका म्हणाली, "भावोजी, ह्यांचं मन खातं हो. पण हापिसात सगळे टरकलेत. कुणाच्या घरचं कोण मोर्चात दिसलं, ह्याच्यावर सरकारचे डोळे आहेत. नोकरी गेली की क्वार्टर गेलं. मग आम्ही कुठे जायचं?"

मी म्हटलं, "अंबिके, नोकरीसाठी माणूस खोटं बोलतो, ते मला कळतं. मीपण मालकाच्या पोरापुढे मान हलवलीय. पण 'संस्कारांवाचून' हे कुणी मागितलं होतं? तेवढी ओळ त्यानं पदरची घातली."

तिनं डबा उघडून पुढे सरकवला. मोदक चांगले होते. शैलानं हात लावला नाही, मी तीन खाल्ले. राग वेगळा, मोदक वेगळे.

म्हातारा पोरीला पाठीशी घालतोय असं तुला वाटेल. तर तसं नाही. ज्या दिवशी हे झालं त्याच संध्याकाळी मी तिला समोर बसवलं होतं.

"शैले, ज्याच्या कपाळाला कुंकू लावलं त्याचा अपमान करू नये. वैरी असला तरी. ओवाळला की तो पाहुणा."

"कुंकू बाईंनी लावायला सांगितलं होतं, आजोबा. बांगड्या आम्ही आमच्या मनानं दिल्या."

"आणल्या कोणी?"

"आणल्या."

"कालिंदीनं?"

"मी चुगली करत नाही."

"अगं, मी काय पोलीस आहे?"

"पोलीस नाही म्हणून तर सांगत नाही. पोलिसाला निदान पगार मिळतो विचारायचा."

बघ ही जीभ. शांता आतून म्हणाली, "मामंजी, बापावर गेलीय." मला हसू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. ह्या पोरींच्या कायद्यात एकच कलम दिसतं. मंत्र्याला बांगड्या द्या, बाईंना उलट बोला, घरी खोटं सांगा, सगळं चालतं. मैत्रिणीचं नाव घेतलं की मात्र पाप. माझ्या कायद्यात पाहुण्याला दुखावणं पाप. आणि तुझ्या? तुझ्या कायद्यात जे कागदावर आलं तेच पाप. मग कागद दुसऱ्याच्या नावाचा करून टाकला की तू सोवळा.

आपल्यात कागद नव्हता रे. तू बारा वर्षांचा असताना गावकीच्या खोलीत देवापुढची पेढ्यांची परडी फस्त केलीस. गावकीचे वडीलधारे म्हणून अप्पांनी चार माणसांत तुला उभा केला. तू कान धरलेस, रडलास. आणि त्याच चार माणसांत अप्पांनी तुला आपल्या शेजारी पंगतीला बसवला, स्वतःच्या पानातली मोरी माशाची तळलेली तुकडी तुझ्या पानात घातली. विषय तिथे संपला. आज अठ्ठावीस वर्षांनी तो मी पहिल्यांदा काढतोय, तोही तुला एकट्याला.

शैलाचा विषय कधी संपणार? परळच्या शाळेनं दाखला वाचून परत दिला. दादरच्या शाळेत बाकावर तास-दीड तास बसवलं आणि मग 'जागा नाही' म्हणाले. गिरगावात शाळेतला कारकून दाखला नाचवत म्हणाला, "हिला घेतली तर उद्या मलाच बांगड्या भरेल." बाकीचे कारकून हसले. शैला हसली नाही. मी तिच्याकडे बघितलं नाही.

त्या हसण्याचं माप मी तुझ्या नावावर टाकलंय.

कोंडीराम


ता. ७ ऑक्टोबर १९५६

गंगाधर,

एक गोष्ट तुला कळू द्यायची नाही असं ठरवलं होतं. पण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालो आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ तसंच, हे बरं नव्हे.

शैलाला बाईंनी बोलावलं नव्हतं. मीच तिला नेलं. मला वाटलं, बाईंसमोर कान धरले की मिटलं. टेबलाभोवती दोन मास्तरणी होत्या, दाराशी शिपाई होता, म्हणजे चार माणसंही झाली. "धर कान," म्हटलं. तिनं धरले नाहीत. मी तिच्या कानफटात मारली. मग धरले. आणि मी उभा, आता बाई म्हणतील, बस मुली, पाणी पी. बाईंनी दौत पुढे ओढली. 'गुन्हा कबूल केला' असं लिहून घेतलं. मग तुझं पत्र काढलं आणि वाचलं.

मला वाटलं होतं मी पोरीला पंगतीत बसवायला नेतोय. मी तिला फासावर नेत होतो.

त्या दिवसापासून परवापर्यंत शैला माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पंचा द्यायची, चष्मा शोधून द्यायची. शब्द नाही. सात आठवडे असेच गेले.

परवा दौलतकडे गेलो. तुला आठवेल, माझ्या शेजारच्या साच्यांवर असायचा, आता नायगावच्या चाळीत राहतो. वीस वर्षं एका खात्यात, पण त्याच्या खोलीत मी पहिल्यांदाच बसलो. का, ते तुलाही माहीत आहे नि मलाही. घरात गडबड होती. दसऱ्याला सगळं कुटुंब नागपूरला जाणार, बायकोनं पांढरी लुगडी धुऊन दोरीवर टाकलेली. मी सगळं सांगितलं. दौलत मांडीवर हात मारून हसला.

"कोंडीबा, माझ्या पोरीनं मंत्र्याला बांगड्या दिल्या असत्या तर मी शाबासकी दिली असती की दोन ठेवून दिल्या असत्या, सांगता येत नाही. पण शाळा? शाळेला हात लावू दिला नसता. आमच्यात पोर शाळा चुकवतं तेव्हा बिघडलं म्हणतात. बाकी सगळं वयच करतं."

"मग आता?"

"आता चल. उठ. चहा पिशील ना आमच्याकडचा?"

प्यायलो. मग तो मला त्याच्या ओळखीच्या शाळेत घेऊन गेला. तिथल्या मास्तरांनी दाखला उलटसुलट केला. म्हणाले, "'वाईट' ह्या शब्दाची मला भीती नाही, आजोबा. 'चिथावणी' ह्या शब्दाची आहे. हिनं दुसरीला बिघडवलं असा अर्थ होतो. बाकीच्या मुलींचे बाप मला विचारतील. त्या दुसऱ्या मुलीकडून खरं काय ते लेखी आणा, उद्या वर्गात बसवतो."

मी धावत घरी. म्हटलं, "शैले, पायात चपला घाल. अँटॉप हिलला जाऊ, कालिंदीकडून दोन ओळी घेऊ."

तेव्हा ती बोलली. "आजोबा, कालिंदीकडे कागद मागितलात तर मी उद्यापासून आईबरोबर गिरणीत जाईन. शाळा नको मला."

"अगं, खरं तेच लिहायचंय!"

"कालिंदीच्या बाबांनी पण कागदच लिहिला होता."

शांता दारात, शेजारच्या राधाबाई गॅलरीत तांदूळ निवडत, त्यांच्या दोघी सुना बाजूला. मी म्हटलं, हीच चार माणसं. माझे दोन्ही कान धरले. "शैले, मी चुकलो," म्हटलं.

ती म्हणाली, "हात खाली करा आजोबा, लोक बघतायत." आणि आत जाऊन चुलीवर चहा टाकला. राधाबाईंचं सूप हातातच राहिलं होतं.

माझं झालं. राहिलास तू एकटा. दसरा पुढच्या रविवारी आहे. माझे शब्द जमलेत, तुला आधीच वाचून दाखवतो, म्हणजे नंतर 'दादानं पाठीत वार केला' म्हणायला नको. "अँटॉप हिलच्या गंगाधरान आपल्याच रक्ताक कागदार इकला. तेच्या पोरांनी तेका तसोच इकूं दे रे म्हाराजा." तीस माणसं 'व्हय' म्हणतील. सवयीनंच म्हणतील, पण म्हणतील.

कोंडीराम


ता. १५ ऑक्टोबर १९५६

गंगाधर,

काल काय झालं ते तुझ्या कानावर वेडंवाकडं जायच्या आत सरळ लिहितो.

खोली भरली होती. लोअर परळहून शामराव नि रामदास आले होते. अप्पा खांबाला टेकून. नारळ ठेवला, विडा ठेवला, मी उभा राहिलो. तेवढ्यात गॅलरीत गडबड. बघतो तर कालिंदी. एकटी आलेली, हातात आपट्याची पानं. मागे शैला तिचा हात ओढतेय, "चल ना गं, इथे बायका येत नाहीत."

ती उंबऱ्याच्या आत आली. "मोठे काका," म्हणाली, "तुम्ही आमच्या घराला शाप देणार आहात ना? आईनं तुमचं पत्र वाचलं. मग माझंपण नाव घ्या. बांगड्या मी आणल्या होत्या. ताट मी सजवलं. शैलाला तर आदल्या दिवशी कळलं."

तीस माणसं समोर. तिचे पाय हलले नाहीत. गंगाधर, रागात असूनही सांगतो, पोर पाहावी तर अशी.

अप्पा म्हणाले, "कोंडीराम, चेडू बरां बोलता. आता तू काय बोलतलस?"

काय बोलणार? घराला शाप दिला तर तो तिलाही लागणार. आणि न देता सोडलं तर तू सुटणार. दोन महिने जमवलेले शब्द तोंडात, धरवत नाहीत आणि गिळवत नाहीत. म्हटलं, घरं सुरू तर करू. "बा देवा रवळनाथा! परळच्या शामरावाच्या घराक बरां ठेव, तेच्या लेकराबाळांक सांभाळ रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" मग रामदासचं घर. मग अप्पांचं. एकेक करत तुझ्यापाशी आलो, आणि तोंडातून आपसूक निघालं:

"अँटॉप हिलच्या कालिंदीच्या घराक बरां ठेव, तिका यश दी, तिच्या वांगडाक उभो रव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तीसही जण बोलून गेले. आणि मग साच्याचा पट्टा निसटावा तशी खोली गप्प झाली.

तुला सांगायला नको, आपल्या गावकीत घर पुरुषाच्या नावानं घेतात. बाईच्या नावानं कधी घेतात तेही तुला ठाऊक आहे. घरात कर्ता पुरुष उरला नाही म्हणजे.

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. काही विचारतील असं वाटलं, पण गाऱ्हाण्यात मध्ये बोलायची रीत नाही. मी पुढचं घर घेतलं. शेवटचा नारळ फुटला, खोबरं वाटलं, आणि दोघंचौघं तिथूनच गावी जायला बोटीवर गेले. मी कुणाला काही समजावलं नाही. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःची समजूत घातली.

कालिंदीनं मला आपट्याचं पान दिलं, पाया पडली, बसनं घरी गेली. तिनंही कुणाला काही समजावलं नाही.

कोंडीराम


ता. ११ नोव्हेंबर १९५६

गंगाधर,

शेवटी तुझं पत्र आलं तर! बत्तीस वर्षांत मला आलेलं तुझं पहिलं पत्र, आणि त्यात पहिलीच ओळ 'मी जिवंत आहे'. वाचून शांतानं पदर तोंडात कोंबला.

गावाहून कोपरा फाडलेली सात कार्डं आली म्हणतोस. 'गंगाधररावांच्या निधनाची वार्ता समजून अतोनात दुःख झाले.' अरे, ती लोकांची माया आहे. जिवंतपणी कुणाला वाचायला मिळते? आपल्या काकीनं तर तुझ्या नावानं कावळ्यालाही घास ठेवला असं कळलं. शिवला म्हणे लगेच.

शामराव नि रामदास तुझ्याकडे खांद्यावर पंचा टाकून आले, तो प्रसंग मला शामरावकडून कळला. तुला तो इतका झोंबलाय, तर माझ्याकडून पुन्हा ऐक. जिना चढता चढताच रामदासनं हंबरडा फोडला, "गंगाग्या रे, असो कसो गेलंस!" शेजारपाजारची दारं उघडली. तुझा हेडक्लार्क पायजम्यावर बाहेर आला. आणि दारात कोण? तू. बनियनवर, एका हातात वर्तमानपत्र, दुसऱ्या हातात चकली.

शामराव म्हणाला, "मेल्या, तू जित्तो आसस तर घर चेडवाच्या नावान कित्याक घेतलां?"

आणि मग तुला सांगावं लागलं. जिन्यात, हेडक्लार्कसमोर, बांगड्यांपासून पत्रापर्यंत. कागदावर नाही, तोंडानं. शामराव म्हणतो, "कोंडीबा, तो खोटा बोलाक बघीत होतो, पण मागे कालिंदी उभी होती." रामदास तर खाली उतरताना पुन्हा रडला. म्हणाला, "मेलेलो बरो होतो."

मी हे ऐकून जेवलो आणि गाढ झोपलो. देवाशप्पथ सांगतो, मन खाल्लं नाही.

तू लिहितोस, 'गावाला पत्र घालून खुलासा कर.' करीन. आजच करतो, कार्डं घेऊन ठेवलीत. पण आधी शैलाचा दाखला बदलून आण. माझी दुसरी मागणी नाही. बाईंकडे जा, कालिंदीला घेऊन जा, तीन वाक्यं बोल. तोवर तू गावाला मेलेला आहेस. आहेस तिथे सुखानं राहा, चकल्या खा.

आणि एक. पोरीला मारू नकोस. मी मारून बघितलंय. उपयोग होत नाही.

कोंडीराम


ता. २ डिसेंबर १९५६

गंगाधर,

तुझं दुसरं पत्र पोचलं. आधी कालिंदीचं लिहितो, कारण तुला तिनं काय केलं ते माहीत असलं तरी का केलं ते कळलेलं दिसत नाही.

मी तिला काही सांगितलं नव्हतं. शैलानंही नाही, तिला तर कळल्यावर ती कालिंदीवरच चिडली. दिवाळीची सुटी संपली, प्रार्थना झाली, मुली वळायच्या आत ही पायरीवर चढली. "बांगड्या मी आणल्या. लालबागच्या कासाराकडून. मला कुणी चिथावलं नाही, मला माझी अक्कल आहे." एवढंच. दुसऱ्या कुणाचं नाव नाही. बाईंनी तिचा दाखला तिथल्या तिथे लिहून हातात दिला: 'वाईट. उद्धट. सर्व स्वतःच्या बुद्धीने.'

अंबिका सांगत होती, तू म्हणालास, "चालती हो माझ्या घरातून!" आणि ही म्हणाली, "कुणाच्या घरातून, बाबा?" अंबिका हे सांगताना रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. तिला स्वतःलाही कळलं नसावं.

तू काही तिला हाकलली नाहीस, हे मी मान्य करतो. तुझा हात उचलला गेला नाही, हेही अंबिकेनं सांगितलं. ती आपण होऊन आली, पत्र्याची ट्रंक घेऊन, आणि शैलाच्या शेजारी चटई टाकली.

दौलतच्या ओळखीच्या मास्तरांकडे दोघींना नेलं. त्यांनी दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले. एकदा हा वाचला, एकदा तो. "एक चिथावणी देणारी आणि एक मला कुणी चिथावलं नाही म्हणणारी. मग बिघडवलं कुणी कुणाला?" डोक्याला हात लावला. "मागचं बाक रिकामं आहे. बसा जा. आणि हे बघा, माझ्या शाळेत अजून कुठलाही मंत्री यायचा नाहीये." दौलत नागपूरहून परत आल्यापासून जरा शांत शांत असतो, पण ह्यावर खो खो हसला. शैलाचा मॅट्रिकचा फॉर्म बुधवारी भरला. शांतानं देवापुढे साखर ठेवली.

आता तुझं. साहेबांनी बोलावून खुलासा मागितला, बढती अडकली, कँटीनमध्ये लोक 'या कैलासवासी' म्हणतात, असं लिहिलंस. आणि खाली: 'दादा, आता तरी तुझं समाधान झालं असेल.'

झालं. खोटं कशाला बोलू? पोटभर झालं. नोकरी राहिली हे वाचून बरंही वाटलं, पण ते पानात मीठ वाढतात तेवढंच. गावाला मी कार्डं धाडलीत, 'गंगाधर हयात आहे' म्हणून. जो शब्द दिला तो पाळला, दाखला बदलला नसला तरी पोरीला शाळा मिळाली म्हणून.

पण तुझं मागणं त्याहून मोठं आहे. पुढच्या दसऱ्याला गाऱ्हाण्यात तुझं नाव घ्यावं आणि कालिंदीला परत पाठवावं.

गाऱ्हाण्याचं मी अप्पांना विचारलं. ते म्हणाले, एकदा देवापुढे घर ज्याच्या नावानं गेलं आणि तीस माणसांनी होकार दिला, ते त्याच्याच तोंडून सुटलं तर सुटतं. घालणाऱ्याच्या हातात नाही. म्हणजे माझ्या हातात नाही. ऐकून मला आनंद झाला, तोही लपवत नाही.

तेव्हा मला लिहीत बसू नकोस. नाव हवं असेल तर तिच्याकडे माग. पोर हवी असेल तर तीही तिच्याकडेच माग. पत्र पाठवलंस तर ती फोडणार नाही, तसं तिनं मला सांगितलंय; तोंडानं काय ते बोलायचं. बोलताना तिनं काय केलं ते काढू नकोस, तू काय केलंस तेवढंच बोल. ती ऐकेल की नाही, मी सांगू शकत नाही. तिचा स्वभाव मला अजून पुरता कळलेला नाही, आणि तुला तर नाहीच.

दोघी साडेपाचला शाळेतून येतात. हातपाय धुतात, चहा घेतात, मग गणितं सोडवत बसतात. चहाच्या वेळी ये. त्याआधी आलास तर गॅलरीत थांबावं लागेल. मी घरातच असेन, खोकताना ऐकू येईन, पण उठणार नाही. दार कालिंदी उघडेल, तिला वाटलं तर.

कोंडीराम